व्हॅलहाइममधला फिरता लोहारखाना: फोर्ज उचला, लोखंडाकडे चला

व्हॅलहाइम हा जगण्या-बांधण्याचा व्हायकिंग खेळ. त्यात एल्डर हा बॉस पडतो, दलदलीची किल्ली हातात येते, बुडालेल्या क्रिप्टमधून (भूमिगत थडग्यातून) पहिलं भंगार लोखंड निघतं आणि मग प्रत्येक सर्व्हरवर तोच प्रश्न उभा राहतो: हे घरी न्यायचं कसं? पोर्टलमधून, म्हणजे क्षणात दुसरीकडे नेणाऱ्या दारातून, धातू जात नाही. तांबं, कथील, कांसं, लोखंड, चांदी, सगळ्यांना तिथे मज्जाव आहे. मग होडी काढा, वारा विरुद्ध आला की वल्ही मारा, समुद्री सापाला तोंड द्या, घरी पोचून माल उतरवा आणि पुन्हा दलदलीकडे निघा. ज्या ग्रुपला आठवड्यातून जेमतेम एक रात्र खेळायला मिळते, त्यांची अख्खी रात्र या हमालीत जाते.

यावर एक सरळ उपाय आहे. पोर्टल धातू अडवतं, धातूची तयार वस्तू अडवत नाही. लोखंडाची कांब आत जाणार नाही, पण त्याच लोखंडाचं चिलखत अंगावर घालून तुम्ही खुशाल घरी जाऊ शकता. म्हणजे माल कारखान्याकडे नेण्यापेक्षा कारखानाच मालाकडे न्यावा. व्हॅलहाइममध्ये हे परवडतं, कारण खेळाडूने बांधलेली वस्तू हातोड्याने मोडली की तिचं सगळं सामान परत मिळतं. डोन्ट स्टार्व्ह टुगेदरमध्ये बांधकाम मोडल्यावर साधारण निम्मंच सामान हाती येतं. इथे तशी घट नाही. आपल्याकडचे घिसाडी भाता आणि ऐरण गाडीवर घालून गावोगाव फिरत आणि काम असेल तिथे भट्टी मांडत. आपल्याला नेमकं तेच करायचं आहे.

खाली सगळं लोखंड धरून सांगतो, कारण खरी अडचण तिथेच सुरू होते. तांबं आणि चांदीसाठी काय बदलतं ते शेवटाकडे येईल. आकडे मूळ खेळाचे आहेत. तुमच्या सर्व्हरवर मॉड असतील तर आधी बिल्ड मेनूत तपासून घ्या.

आधी सेटिंग विचारा

२०२३ साली हिल्डिर्स रिक्वेस्ट या अपडेटसोबत वर्ल्ड मॉडिफायर आले. त्यात पोर्टलचा एक पर्याय असा आहे की तो चालू असेल तर धातूही पोर्टलमधून जातो. सर्व्हर ज्याचा आहे त्याला एकदा विचारून घ्या. तो पर्याय चालू असेल तर या लेखातला तळ मोडायचा भाग तेवढा वाचा, बाकीच्याची गरज पडणार नाही. बंद असेल तर पुढे चला. माझं मत विचाराल तर तो बंदच ठेवावा. होडी, तळ, रसद या गोष्टींनाच त्यामुळे अर्थ येतो.

काय न्यायचं, काय घरीच ठेवायचं

इथे बहुतेक लोक गरजेपेक्षा जास्त सामान उचलतात. लोहारखान्याची यादी डोळ्यांखालून घालू.

वर्कबेंच (कामाचं मेज) म्हणजे १० लाकडं. फोर्जला, म्हणजे लोहाराच्या भट्टीला, १० लाकडं, ४ दगड, ४ कोळसे आणि ६ तांबं लागतं. धातू वितळवणाऱ्या स्मेल्टरला २० दगड आणि ५ सर्टलिंग कोअर. कोळशाच्या किल्नलाही २० दगड आणि ५ कोअर. पोर्टलला २० ग्रेड्वार्फ आय, १० फाइन वुड आणि २ कोअर.

आता यातली कोणती वस्तू पोर्टलमधून जात नाही? फक्त तांबं. लाकूड, दगड, कोळसा, कोअर, कातडी, सगळं जातं. म्हणजे होडीत ठेवायचं सामान एवढंच: वर्कबेंचची १० लाकडं, एका पोर्टलचं सामान, ६ तांबं आणि हातोडा. बाकी कारखाना पोर्टल उभं राहिल्यावर घरून पायी आणायचा. वीस-वीस दगड अंगावर वागवत समुद्र ओलांडायची काहीच गरज नाही. एक दगड २ वजनाचा आणि तुमची क्षमता ३००. हॅल्डॉर या व्यापाऱ्याकडून ९५० नाण्यांना मेगिनग्योर्ड पट्टा घेतलात तर तीत १५० ची भर पडते.

किल्न तर नेऊच नका. कोळसा पोर्टलमधून जातो, मग भट्टी दलदलीत कशाला लावायची? किल्न घरी चालू ठेवा आणि कोळसा आणत राहा. त्याने ५ कोअर वाचतात, आणि पहिल्या लोखंडाच्या वेळी कोअर मोजकेच असतात. शिवाय दलदलीत जिथे जमिनीतून ज्वाळा निघतात तिथे सर्टलिंग हे आगीचे राक्षस येतात. त्यांना मारलं की कोळसा मिळतो आणि अधूनमधून कोअरही मिळतो.

स्मेल्टर मात्र न्यावाच लागतो. भंगार लोखंड पोर्टलमधून घरी जाणार नाही, म्हणून ते तिथेच वितळवायला हवं.

आणखी एक वस्तू घरूनच तयार करून ठेवा: शार्पनिंग स्टोन. तो फोर्जवर ५ दगडांत बनतो. त्याचं काम पुढे येईल.

घरचं पोर्टल

निघण्याआधी घरी एक पोर्टल कायमचं या कामासाठी राखून ठेवा आणि त्याला एक ठरलेलं नाव द्या. पुढचा प्रत्येक तळ त्याच नावाने जोडायचा. दर मोहिमेला नवं नाव देत बसलात तर महिन्याभरात घरी पोर्टलांचं जंगल होतं आणि कुठलं कुठे जातं ते कोणालाच आठवत नाही.

पोर्टल दोन-दोनच्या जोडीने जुळतात. जुन्या तळावरचं पोर्टल त्याच नावाने उभं राहिलं असेल तर घरचं पोर्टल अजून त्यालाच जोडलेलं असतं. मग नव्या तळावर तुम्ही पोर्टल बांधता, नाव बरोबर लिहिता आणि ते पेटत नाही. होडीने एवढं लांब येऊन हे कळलं की फार चिडचिड होते. म्हणून निघण्याआधी जुनं पोर्टल मोडा, निदान त्याचं नाव तरी बदला.

जागा कशी निवडायची

दलदलीच्या आत तळ टाकू नका. तिथे सतत पाऊस असतो, अंग ओलं राहतं, स्टॅमिना हळू भरतो आणि ड्रॉगर हे चालते मुडदे पाठ सोडत नाहीत. दलदलीला लागून मेडोज हे कुरण किंवा ब्लॅक फॉरेस्ट हे जंगल असेल तर त्या कडेची कोरडी जमीन शोधा. क्रिप्टपासून पळत एक-दोन मिनिटांचं अंतर चालतं. शेवटी हे सगळं लोखंड तुम्हालाच अंगावर वाहून आणायचं आहे, हे मात्र लक्षात असू द्या. भंगार लोखंडाचा एक नग १० वजनाचा असतो. अंगावरच्या हत्यारांचं आणि खाण्याचं वजन वजा केलं तर पट्ट्याशिवाय एका खेपेत फार तर २० नग येतात.

पाण्यावर फळ्या टाकून धक्क्यावर तळ बांधायचा मोह होतो, कारण होडी जवळ असते. तो टाळा. तळ मोडताना सामान खाली पडतं, दगड आणि तांबं पाण्यात बुडतं आणि मग ते काढत बसावं लागतं. होडी किनाऱ्याला, तळ जमिनीवर.

जमीन फार उंचसखल असेल तर कुदळीने सपाट करा, पण भर घालून उंचवटा करू नका. भर घालायला लागणारा दगड मोडल्यावर परत येत नाही. या सगळ्या उद्योगात कायमचा खर्च होतो तो एवढाच.

मांडणीचा क्रम

होडीतून उतरलात की सगळ्यात आधी वर्कबेंच ठेवा. छपराची आत्ता गरज नाही. वर्कबेंचवर वस्तू बनवायला आणि हत्यारं दुरुस्त करायला छप्पर लागतं, पण आसपास बांधकाम करायला लागत नाही. त्याच्या २० मीटरच्या आत तुम्ही काहीही बांधू शकता, आणि तेवढ्या भागात नवे राक्षस उगवणंही थांबतं. जवळपास ड्रॉगरचा ढीग दिसत असेल तर तो आधी फोडून टाका.

लगेच दुसरं काम पोर्टलचं. नाव लिहा, पेटलं की आत शिरा आणि घरी या. आता समुद्राशी तुमचा संबंध संपला. मरून पुन्हा घरी उठलात तरी दोन पावलांत तळावर परत येता, झोपायला घरचा पलंग आणि जेवायला घरचा हंडा मिळतो. पहिल्या पाच मिनिटांत पोर्टल उभं राहिलं पाहिजे असं मी म्हणतो, ते यासाठी.

घरून पहिल्या खेपेत ५ कोअर आणि दगड आणा. स्मेल्टरचे २० आणि फोर्जचे ४, म्हणजे २४ दगड, वजन ४८. स्मेल्टर उघड्यावरच ठेवा. त्याला छप्पर लागत नाही, उलट बंद खोलीत धूर कोंडून काम अडतं. ज्या बाजूने लोखंड आत टाकायचं आणि ज्या बाजूने कांब बाहेर पडते, त्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा ठेवा. कांब ज्या बाजूला पडते तिथे उतार असेल तर ती घरंगळत जाते.

दुसऱ्या खेपेत लाकूड आणा. ते आसपासचं झाड तोडूनही मिळेल. फोर्ज आणि वर्कबेंच एकाच छपराखाली आले की काम सोपं होतं. सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद खोपट पुरतं. गवती छपराचे सहा तुकडे, तीन बाजूंना दोन-दोन थरांच्या भिंती, पुढची बाजू मोकळी. हे साधारण ५० लाकडांत बसतं, आणि मोडल्यावर तेवढीच लाकडं परत मिळतात. जागा उघडी आहे अशी तक्रार खेळाने केली तर पुढच्या बाजूला एक-दोन भिंती लावा. देखणं बांधायच्या भानगडीत पडू नका, दोन दिवसांनी हे मोडायचंच आहे.

मग छपराखाली फोर्ज. इथे तांबं खर्ची पडतं.

फोर्जची पातळी

इथे लोक अडकतात. लोखंडाचं बरंचसं सामान दुसऱ्या पातळीच्या फोर्जवरच बनतं. चिलखत तसंच, लोखंडी पिकॅक्स तशीच. नुसता फोर्ज उभा केला तर सगळं लोखंड समोर असूनही यादीतलं नाव काळवंडलेलं दिसतं. पातळी वाढवायला फोर्जशेजारी एक जोड-साहित्य ठेवावं लागतं आणि त्याचे पर्याय बरेच आहेत. ऐरणीला २ कांसं लागतं. कूलरला १० तांबं आणि २५ फाइन वुड लागतं. दोन्हींत धातू आहे, म्हणजे दोन्ही होडीतूनच आणावी लागतात.

ग्राइंडिंग व्हीलला मात्र २५ लाकडं आणि एक शार्पनिंग स्टोन एवढंच लागतं. धातूचा कणही नाही. म्हणून फिरत्या लोहारखान्याला हेच चाक योग्य. घरून बनवून ठेवलेला तो दगड पोर्टलमधून आणा, चाक फोर्जच्या अगदी जवळ लावा, आणि ठेवताना त्याच्यापासून फोर्जपर्यंत चमकती रेघ दिसते का ते बघा. रेघ नसेल तर चाक जोडलं गेलेलं नाही.

दुरुस्तीलाही हाच नियम लागू होतो. जी वस्तू बनवायला दुसरी पातळी लागते, ती दुरुस्त करायलाही लागते. दुरुस्ती फुकट असते, त्यामुळे हे चाक असलं की क्रिप्टमध्ये बोथट झालेली लोखंडी पिकॅक्स तिथल्या तिथे नवी होते. नुसत्या एवढ्यासाठीसुद्धा हा तळ टाकायला माझी तयारी आहे.

वितळवण्याचा हिशोब

समजा एका माणसाला पूर्ण लोखंडी चिलखत हवं आहे: शिरस्त्राण, छाती, पाय. प्रत्येकाला २० लोखंड आणि २ हरणाची कातडी. एकूण ६० लोखंड.

एका लोखंडाला २ कोळसे, म्हणजे १२० कोळसे. किल्नमध्ये एका लाकडाचा एकच कोळसा होतो, म्हणजे १२० लाकडं. स्मेल्टर एक कांब ३० सेकंदांत काढतो, किल्न एक कोळसा १५ सेकंदांत. दोन्हींचा वेग तंतोतंत जुळतो, म्हणून एका स्मेल्टरला एक किल्न पुरतो. सगळं मिळून अर्धा तास. मोहिमेला निघण्याच्या आदल्या रात्री घरी कोळसा तयार ठेवलात तर तळावर वाट बघायची राहते ती फक्त स्मेल्टरची, आणि तेवढ्यात क्रिप्टची पुढची फेरी होते.

स्मेल्टरमध्ये एका वेळी १० भंगार आणि २० कोळसे मावतात. क्रिप्टमधून परत आलात की टाका, पुन्हा जा. दोघं-तिघं खेळत असाल तर एकाने खोदावं आणि एकाने स्मेल्टर, कोळसा आणि पोर्टल सांभाळावं. खोदणाऱ्याला परत परत बाहेर यावं लागलं नाही की वेग खरंच वाढतो.

आता एक गोष्ट ठासून सांगतो: जे लोखंड होडीनेच घरी न्यायचं आहे ते तळावर वितळवू नका. भंगार लोखंड १० वजनाचं, कांब १२ वजनाची. वितळवून संख्या वाढत नाही, नुसतं वजन वाढतं. होडीत वजनाला बंधन नाही, पण तळापासून होडीपर्यंत चालत तुम्हीच जाता. तळावर तेवढंच वितळवा जेवढ्याच्या वस्तू तिथेच बनवणार आहात.

होडीने किती येतं हेही सांगून ठेवतो. कार्व्ह या छोट्या होडीत ४ कप्पे आहेत, एका कप्प्यात ३० नग, म्हणजे १२०. लाँगशिप या मोठ्या होडीत १८ कप्पे, म्हणजे ५४०. स्टोनकटरला २ लोखंड लागतं. दगडी बांधकाम, लाँगशिपचे खिळे, घरच्या फोर्जचं जोड-साहित्य, या सगळ्यासाठी कच्चं लोखंड घरीच हवं असतं, आणि तिथे एक तरी समुद्रफेरी अटळ आहे. फिरता लोहारखाना हत्यारं, चिलखत आणि ढालींसाठी. ती घेऊन पुढच्या मोहिमेला लगेच निघता येतं हाच त्याचा फायदा.

चिलखताचा दर्जा वाढवायचा असेल तर फोर्जची पातळीही वाढत जाते. घरी लोखंड नाही आणि तळावर पातळी नाही, अशी अडचण तिथे येते. तेव्हा चिलखत तळावर बनवा, वापरा, आणि दर्जा वाढवणं पहिली होडी घरी पोचेपर्यंत मागे ठेवा. दलदलीसाठी पहिला दर्जाही पुरेसा आहे.

तळ मोडणं

हातोडा हातात घ्या, वस्तूकडे बघा, माउसचं मधलं बटण दाबा. एवढं सगळ्यांना माहीत असतं. क्रम मात्र अनेकांना माहीत नसतो, आणि सगळा घोळ तिथेच होतो.

जी वस्तू बांधायला वर्कबेंच जवळ लागतं, ती मोडायलाही लागतं. आधी वर्कबेंच मोडलं तर फोर्ज, स्मेल्टर, पोर्टल, भिंती, सगळं जिथल्या तिथे राहतं आणि हातोडा काही करत नाही. मग पुन्हा १० लाकडं गोळा करून नवं वर्कबेंच ठेवावं लागतं. म्हणून वर्कबेंच सगळ्यात शेवटी. दगडी बांधकाम केलं असेल तर त्याला स्टोनकटर लागतो, म्हणून आधी दगडी भाग, मग स्टोनकटर.

माझा क्रम असा: आधी स्मेल्टर रिकामा होऊ द्या आणि शेवटची कांब उचला. पेटारे रिकामे करा, मग मोडा. ग्राइंडिंग व्हील काढा, शार्पनिंग स्टोन खिशात गेला का ते बघा, कारण तो एकच नग असतो आणि गवतात दिसत नाही. मग फोर्ज. सहाच्या सहा तांबं मोजून घ्या. मग स्मेल्टर, त्याचे ५ कोअर मोजून घ्या. आता दगड, कोअर, लाकूड, जे जे पोर्टलमधून जातं ते सगळं एका-दोन खेपांत घरी टाकून या. परत तळावर आलात की खोपट मोडा. छप्पर आणि भिंती एक-एक करून मोडायची गरज नाही, खालचा आधार काढला की वरचं आपोआप कोसळतं आणि त्याचं सामान खाली पडतं. लाकूड तिथेच सोडलं तरी हरकत नाही, ते सगळीकडे मिळतं.

उरलं पोर्टल. त्याचा निर्णय मात्र फोर्ज मोडायच्या आधीच घ्या. ६ तांबं पोर्टलमधून जाणार नाही, म्हणजे ते न्यायचं तर होडीने जावं लागणार. होडीत तसंही घरी न्यायचं भंगार लोखंड भरलेलं असेल तर प्रश्नच नाही: पोर्टल मोडा, वर्कबेंच मोडा, तांबं होडीत टाका, निघा. पण होडी रिकामी असेल आणि त्याच दलदलीत परत यायचं असेल तर फोर्ज, वर्कबेंच आणि पोर्टल तसंच राहू द्या आणि फक्त स्मेल्टरचे कोअर घेऊन पोर्टलनेच घरी जा. सहा तांब्यासाठी समुद्र ओलांडणं परवडत नाही.

सर्व्हरवर इतरही खेळत असतील तर वॉर्डचं, म्हणजे जागा राखणाऱ्या खांबाचं, भान ठेवा. दुसऱ्याचा वॉर्ड चालू असेल आणि त्यात तुम्हाला परवानगी दिलेली नसेल तर तिथलं काही मोडता येत नाही. एकाने वॉर्ड लावला आणि तो झोपायला गेला की बाकीचे तळापाशी अडकून बसतात. तात्पुरत्या तळावर वॉर्ड लावूच नका. लावलाच तर सगळ्यांना आधी परवानगी द्या. वॉर्ड नसेल तर कोणीही कोणाचंही मोडू शकतो, म्हणून दुसऱ्याचा स्मेल्टर मोडण्याआधी विचारा. कोअर कोणाचे यावरून भांडणं झालेली आहेत.

तांबं, चांदी आणि पुढे

ब्लॅक फॉरेस्टमध्ये काम अजून सोपं, कारण तांबं तिथेच आहे आणि फोर्जसाठी होडीतून काही आणावं लागत नाही. कथील पाण्याच्या काठाला मिळतं. दोन तांबं आणि एक कथील मिळून एक कांसं फोर्जवरच बनतं. तांब्याच्या मोठ्या शिळेशेजारी तळ टाकला तर दुरुस्तीसाठी घरी जाणं पूर्ण थांबतं.

चांदीसाठी तळ डोंगरावर नको, पायथ्याशी टाका. वर थंडीने जीव जातो आणि लांडगे झोपू देत नाहीत. चांदी गाड्यात घालून उतारावरून खाली आणणं सोपं पडतं. गाड्यात १८ कप्पे असतात.

मैदानांत पोचल्यावर ब्लास्ट फर्नेस लागतो. त्याला १० लोखंड, २० दगड, २० फाइन वुड आणि ५ कोअर, शिवाय शेजारी आर्टिझन टेबल. तो फिरता ठेवण्याच्या मी विरोधात आहे. दर वेळी १० लोखंड होडीतून हलवायचं, फुलिंग या राक्षसांच्या मुलखात उभं करायचं, एवढा जीव टाकून मिळणारा फायदा थोडा. तोपर्यंत लाँगशिप तयार असते. काळं धातू-भंगार तिच्यात भरून घरीच आणा. अ‍ॅशलँड्स या राखेच्या मुलखापर्यंत टिकलात तर तिथल्या सामानातून दगडी पोर्टल बांधता येतं, आणि त्यातून धातूही जातो.